प्रकाशाची पारध

अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांच्या उत्तर सीमेवर सुपीरियर नावाचे एक अफाट सरोवर आहे. त्याचे क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे आपल्या महाराष्ट्राच्या चौथ्या हिश्शाहून थोडे अधिकच आहे. काठावर उभे राहून पाहिले तर पैलतीर दिसत नाही. पाणी गोडे आहे म्हणून सरोवर म्हणायचे; एरवी पाहणाऱ्याला तो समुद्रच वाटावा. या सरोवराच्या दक्षिण काठी मिशिगन राज्यात मार्क्वेट नावाचे बंदर आहे. एकोणिसाव्या शतकात तेथून लोखंडाचे खनिज जहाजांत भरून दूरदूर जात असे. गाव ओलांडले की लगेच पाइन, मेपल, बर्च अशा वृक्षांचे दाट अरण्य लागे. त्या अरण्यात लहानमोठी तळी, ओढे आणि दलदली होत्या. हरणे, अस्वले, बीव्हर, रॅकून अशी नाना प्रकारची जनावरे त्यांच्या काठाने वावरत.

याच अरण्यात एका गृहस्थांनी आपल्या आयुष्यातील बहुतेक उन्हाळे घालविले. व्यवसायाने ते वकील होते. छायाचित्रे काढणे हा त्यांच्या पोटाचा उद्योग नव्हता, निव्वळ छंद होता. परंतु रानात मोकळेपणाने हिंडणाऱ्या जनावराचे रात्रीच्या काळोखात छायाचित्र कसे काढावे, हे त्यांनी जगाला दाखवून दिले. त्यांचे नाव जॉर्ज शायरस.

जॉर्ज शायरस यांचा जन्म १ जानेवारी १८५९ रोजी पेन्सिल्व्हेनिया राज्यातील ॲलेघेनी या गावी झाला. हे गाव पिट्सबर्ग शहराला लागूनच होते. पुढे ते त्या शहरातच सामावले गेले. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवण्याची रीत आहे. शायरस कुटुंबात तर आजोबा, वडील आणि मुलगा या तिघांचेही नाव जॉर्जच होते. म्हणून आपल्या चरित्रनायकाला लोक जॉर्ज शायरस तिसरे या नावाने ओळखत. वडील नामांकित कायदेपंडित होते. १८९२ साली ते अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले.

पिट्सबर्ग म्हणजे पोलादाच्या भट्ट्यांचे आणि धुराचे शहर. त्या धुरातून सुटून उन्हाळ्यात सुपीरियर सरोवराच्या काठी जाण्याचा या कुटुंबाचा प्रघात होता. १८७० साली, तुमच्याच वयाचा असताना, म्हणजे अकराव्या वर्षी जॉर्जने हे सरोवर आणि हे अरण्य प्रथम पाहिले. शहरात वाढलेल्या त्या मुलाला रानाचे वेड लागले ते कायमचेच. मार्क्वेटपासून काही मैलांवर, झाडीच्या आत व्हाइटफिश नावाचे एक लहानसे सरोवर होते. तेथे लाकडी ओंडक्यांची झोपडी, पुढे निवांत पाणी आणि भोवती जंगल. दर वर्षी उन्हाळ्याची चाहूल लागली की जॉर्जचे मन तिकडे धाव घेई.

त्या काळी तिकडील रानात जाणारा प्रत्येक मुलगा शिकार शिकतच मोठा होई. जॉर्जही शिकला. बंदूक चालविणे, पायांचे ठसे ओळखणे, वाऱ्याची दिशा पाहून पुढे सरकणे, तासन् तास निश्चल बसून राहणे, या सर्व गोष्टी त्याने लहानपणीच आत्मसात केल्या. त्याचे खरे गुरू होते त्या अरण्याचे मूळ रहिवासी ओजिब्वा लोक. हे लोक पिढ्यान् पिढ्या तेथे राहत आणि रानाची भाषा त्यांना अवगत होती. त्यांच्याकडूनच रात्रीच्या शिकारीची एक युक्ती तिकडील शिकाऱ्यांनी उचलली होती.

ती युक्ती अशी. उन्हाळ्याच्या दिवसांत रात्री हरणे पाण्यातील कोवळ्या वनस्पती खाण्यासाठी तळ्याच्या उथळ काठाशी उतरतात. अशा वेळी शिकारी एका हलक्या होडीत बसतात. होडीच्या नाळेवर जाळ किंवा दिवा ठेवलेला असतो आणि त्याचा उजेड फक्त पुढच्या बाजूला पडतो. मागचा माणूस पाण्याचा जराही आवाज न करता वल्हे मारतो. रात्री कंदिलाच्या उजेडात गाईचे किंवा मांजराचे डोळे चमकताना तुम्ही पाहिले असतील. त्यांच्या डोळ्यांच्या आतील बाजूस एक चकचकीत पडदा असतो आणि तो आरशाप्रमाणे प्रकाश परत फेकतो. हरणाचे डोळेही तसेच चमकतात. दिवा पाहून हरीण पळत नाही. नवल वाटून ते त्याच्याकडे टक लावून पाहत उभे राहते. दिव्याच्या मागे काळोखात बसलेला माणूस त्याला दिसत नाही. मग त्या दोन चमकत्या ठिपक्यांच्या मध्ये नेम धरून गोळी झाडली, की शिकार झाली!

वनात राहून त्याच वनावर जगणाऱ्या लोकांसाठी ही पोट भरण्याची रीत होती. परंतु हौशी शिकारी हातात नव्या, अचूक बंदुका घेऊन याच रीतीने हरणे टिपू लागले, तेव्हा कळपच्या कळप नाहीसे होऊ लागले. झाडे तोडून लाकूड शहरांकडे पाठविले जात होते. तेव्हा जनावरांचा निवाराही उणा होत होता. मिशिगन राज्यातच १८७८ साली पेटॉस्की या गावाजवळ प्रवासी कबुतरांची प्रचंड वीण झाली आणि शिकाऱ्यांनी त्या पक्ष्यांचा असा संहार केला, की पुढे तशी वीण तेथे पुन्हा दिसली नाही. एके काळी या कबुतरांचे थवे आकाश झाकून टाकीत. त्या जातीचा अखेरचा पक्षी १९१४ साली सिनसिनाटी येथील प्राणिसंग्रहालयात मेला. आज ते कबूतर पृथ्वीच्या पाठीवर कोठेही नाही.

दरम्यान जॉर्ज शायरस यांचे शिक्षण पुरे झाले होते. १८८१ साली त्यांनी कॉर्नेल विद्यापीठाची पदवी मिळविली, १८८३ साली येल येथे कायद्याचा अभ्यास पूर्ण केला आणि पिट्सबर्गमध्ये ते वकिली करू लागले. १८८५ साली त्यांचा विवाह झाला. पत्नी मार्क्वेटच्याच एका प्रतिष्ठित घराण्यातील असल्यामुळे त्या गावाशी असलेले नाते अधिकच घट्ट झाले. वकिलीचे काम वाढत होते, तरी उन्हाळ्यातील रानाची वारी चुकत नव्हती.

मात्र या वाऱ्यांमध्ये हळूहळू एक बदल होत होता. हरणाचा माग काढणे, त्याच्या जवळ जाणे, श्वास रोखून थांबणे, यांतील आनंद शायरस यांना पूर्वीइतकाच होता. पण गोळी सुटली की तो आनंद संपे. क्षणापूर्वी डौलाने मान उंचावून उभे असलेले जनावर चिखलात निपचित पडलेले दिसे. त्याला पुन्हा कधी पाहता येणार नसे. दिव्याला भुललेल्या प्राण्याला अंधारातून मारण्यात पराक्रम तो कोणता, असाही प्रश्न विचारी माणसाच्या मनात उभा राहिल्यावाचून राहत नाही. मग जे आपल्याला खरोखर हवे आहे, ते गोळी न झाडताच मिळविता येणार नाही काय? रानातील तो क्षण घरी आणायचा, पण जनावर मात्र रानातच राहू द्यायचे, असे काही करता येईल काय? या विचारातून १८८९ साली शायरस यांनी हातात कॅमेरा घेतला.

आज कॅमेरा खिशात मावतो आणि छायाचित्र क्षणार्धात पाहता येते. तेव्हाची गोष्ट निराळी होती. कॅमेरा म्हणजे एक लाकडी पेटी असे. तिच्यात प्रकाशाचा परिणाम होणारे रसायन लावलेली काच बसवावी लागे. एका काचेवर एकच चित्र उमटे. दुसरे काढायचे तर काच बदलावी लागे. चित्र साधले की फसले, हे पुढे अंधाऱ्या खोलीत काच धुतल्यावरच कळे. लांबची वस्तू जवळ दिसावी अशी चांगली भिंगेही तेव्हा नव्हती. म्हणून बंदुकीने जे हरीण शंभर पावलांवरून टिपता येई, त्याचे चित्र काढायला वीसपंचवीस पावलांवर जाणे भाग पडे. कॅमेऱ्याची शिकार ही बंदुकीच्या शिकारीहून कितीतरी अवघड होती!

शायरस यांचे पहिले प्रयत्न दिवसा झाले आणि त्यांतील बरेचसे वाया गेले. कधी चित्र पुसट येई, कधी जनावर चौकटीबाहेर राही, कधी चित्रात नुसती हलणारी झुडुपे दिसत. तरी त्यांनी धीर सोडला नाही. शिकारीत शिकलेल्या सगळ्या विद्या त्यांनी या नव्या कामी लावल्या. ज्या ठिकाणी हरणे पाण्यावर येत, तेथे ते फांद्यांचे लपण करीत. वाऱ्याची दिशा पाहून लपणाची जागा ठरवीत. कारण माणसाचा वास आला की हरीण फिरकत नाही. कॅमेरा पाणवठ्याच्या जवळ ठेवून त्याला एक लांब दोरी बांधीत आणि दोरीचे टोक हातात धरून दूर लपणात बसत. हरीण योग्य जागी आले की दोरीला हिसका देत.

असे करता करता त्यांना आणखी एक कल्पना सुचली. दोरी ओढायला माणूस तरी कशाला हवा? त्यांनी जनावरांच्या वाटेवर आडवा दोरा ताणला आणि त्याचे टोक कॅमेऱ्याला जोडले. वाटेने येणाऱ्या हरणाचा पाय किंवा छाती दोऱ्याला लागली, की कॅमेऱ्याची झडप उघडून मिटे. रॅकूनसारख्या खादाड प्राण्यासाठी ते दोऱ्याच्या टोकाला खाण्याचा तुकडा बांधीत. रॅकून तो तुकडा ओढी आणि त्या गडबडीत आपले छायाचित्र आपणच काढून मोकळा होई! शायरस मात्र त्या वेळी आपल्या झोपडीत शांत झोपलेले असत.

तथापि रानाचा खरा संसार रात्री चालतो. दिवसा दडून बसणारी कितीतरी जनावरे अंधार पडल्यावरच बाहेर येतात. रात्रीचे छायाचित्र काढायचे तर प्रकाश हवा. आणि जनावर हलण्याच्या आत, निमिषमात्र का होईना, दिवसासारखा लखलखीत प्रकाश हवा. विजेचे दिवे तेव्हा शहरांतही नवीनच होते; रानात ते कोठून येणार? येथे शायरस यांना ओजिब्वांची ती होडी आणि तो दिवा आठवला. होडी तीच ठेवावी, नाळेवरचा दिवा तोच ठेवावा, वल्हे मारणारा सोबतीही तोच असावा. फक्त बंदुकीच्या जागी कॅमेरा बसवावा आणि गोळीच्या जागी प्रकाश फेकावा!

हा प्रकाश मॅग्नेशियम या धातूच्या भुकटीपासून मिळे. ही भुकटी पेटली की डोळे दिपविणारा शुभ्र प्रकाश पडतो. परंतु ती हाताळणे जोखमीचे होते. तिच्यात इतर द्रव्ये मिसळून केलेले मिश्रण तर स्फोट होऊन पेट घेई. प्रमाण थोडे चुकले, दारू थोडी अधिक झाली, किंवा ती भलत्या वेळी पेटली, तर हात भाजण्याचा आणि डोळे जाण्याचा संभव असे. दमट हवेत ती पेटतच नसे. शायरस यांनी अनेक प्रकारची उपकरणे करून पाहिली, ती मोडली, पुन्हा नवी केली. अखेरीस हातात धरून चाप ओढताच दारू पेटेल असे पिस्तुलासारखे एक साधन त्यांनी तयार केले. या सर्व उद्योगात जॉन हॅमर नावाचा त्यांचा सोबती त्यांच्याबरोबर होता. होडी हाकणे, सामान वाहणे आणि न कंटाळता रात्र रात्र जागणे, यांत हॅमरने त्यांना मोलाची साथ दिली. १८९३ साली काढलेल्या एका छायाचित्रात हे दोघे व्हाइटफिश सरोवरावर आपल्या होडीत बसलेले दिसतात. पुढे दिवा आणि कॅमेरे आहेत, मागे दाट झाडी आहे.

अशा एका रात्रीची कल्पना करा. चंद्र उगवलेला नाही, वारा पडलेला आहे. होडी इतक्या हळू चालली आहे, की वल्ह्यावरून ओघळणाऱ्या थेंबांचाही आवाज होत नाही. दिव्याचा झोत काठावरून सरकत जातो. गवत, दगड, पाण्यात पडलेला ओंडका यांवरून सरकता सरकता एकाएकी दोन निळसर ठिपके चमकतात. हॅमरचे वल्हे थबकते. होडी आपोआप पुढे सरकत राहते. तीस पावले, पंचवीस पावले, वीस पावले. गुडघाभर पाण्यात उभे असलेले हरीण मान वर करून दिव्याकडे पाहत आहे. तोंडातील पाणवेल तशीच लोंबत आहे. इतक्यात मोठा आवाज होतो आणि सारे अरण्य क्षणभर दिवसासारखे उजळून निघते. लगेच पूर्वीहून गडद काळोख पसरतो. धुराचा ढग होडीवरून जातो आणि काठाकडून पाणी उडवीत, झुडुपे मोडीत धावणाऱ्या पावलांचा आवाज येतो. हरीण भेदरलेले आहे, क्षणभर दिपलेले आहे. पण जिवंत आहे. उद्या रात्री ते पुन्हा याच पाण्यावर येईल.

अशा रात्री एक नव्हे, दोन नव्हे, शेकडो गेल्या. कित्येकदा पहाटेपर्यंत भटकून एकही काच उपयोगी पडत नसे. मग एखाद्या रात्री असे काही गवसे, की साऱ्या श्रमांचे सार्थक होई. १९०२ सालच्या जुलै महिन्यात कॅनडातील लून सरोवरावर त्यांनी लिंक्स नावाच्या रानमांजराचे चित्र मिळविले. पाण्याच्या अगदी कडेला ते ऐटीत बसले आहे, मागे काळोख आहे आणि खाली स्थिर पाण्यात त्याचे प्रतिबिंब उमटले आहे. आज सव्वाशे वर्षांनी ते चित्र पाहतानाही आपण त्या काठावर उभे आहोत असे वाटते. मध्यरात्री टिपलेल्या हरणांची त्यांची चित्रे तर जगभर गाजली. १९०० साली पॅरिस येथे भरलेल्या जागतिक प्रदर्शनात त्यांना सुवर्णपदक मिळाले आणि १९०४ साली सेंट लुई येथील प्रदर्शनातही त्यांचा मोठा गौरव झाला. आपल्या डोळ्यांना कधीही न दिसणारे रात्रीचे रान लोकांनी प्रथमच पाहिले.

शायरस एवढ्यावर थांबले असते, तरी हौशी छायाचित्रकार म्हणून त्यांचे नाव राहिले असते. पण ज्यांची चित्रे आपण घेतली, त्यांचे ऋण आपल्यावर आहे, हे ते विसरले नाहीत. कायद्याचे ज्ञान त्यांच्यापाशी होतेच. ते त्यांनी मुक्या जीवांच्या कामी लावण्याचे ठरविले.

१९०३ साली ते अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाचे सभासद झाले. त्या काळी शिकारीचे नियम करण्याचा अधिकार एकेका राज्याकडे होता. जे पशू एकाच रानात राहतात त्यांच्यापुरते हे ठीक होते. पण पक्ष्यांचे काय? आपल्याकडे हिवाळ्यात उजनी, जायकवाडी अशा जलाशयांवर दूर उत्तरेकडून पाहुणे पक्षी येतात आणि उन्हाळा लागताच परत जातात. अमेरिकेतही बदके आणि हंसजातीचे पक्षी वसंत ऋतूत अंडी घालण्यासाठी उत्तरेकडे जातात आणि थंडी पडू लागली की दक्षिणेकडे येतात. या प्रवासात त्यांना अनेक राज्ये ओलांडावी लागतात. एका राज्याने त्यांना अभय दिले, तरी दुसऱ्या राज्याच्या हद्दीत शिकारी टपून बसलेले असत. पक्ष्याला राज्याची सीमा काय ठाऊक? तेव्हा, हे पक्षी कोणा एका राज्याचे नसून साऱ्या देशाचे आहेत आणि त्यांचे रक्षण देशाच्या सरकारनेच केले पाहिजे, असा विचार शायरस यांनी मांडला. १९०४ सालच्या डिसेंबर महिन्यात त्यांनी प्रतिनिधिगृहापुढे तसे विधेयक आणले.

हा विचार त्या वेळी अगदी नवा होता. अनेकांना तो राज्यांच्या हक्कांवरील अतिक्रमणासारखा वाटला. विधेयक संमत झाले नाही आणि १९०५ साली शायरस यांची सभासदत्वाची मुदतही संपली. ते पुन्हा निवडणुकीला उभे राहिले नाहीत. एखाद्याने निराश होऊन तो विषय सोडून दिला असता. पण ज्याने एका हरणासाठी रात्रीमागून रात्री वाट पाहिली, त्याला वाट पाहण्याचा कंटाळा कोठून येणार? सभागृहाबाहेर राहूनही ते त्या कल्पनेचा पाठपुरावा करीत राहिले. १९१३ साली त्याच तत्त्वावर प्रवासी पक्ष्यांच्या रक्षणाचा कायदा झाला. १९१६ साली अमेरिका आणि कॅनडाच्या वतीने ब्रिटन यांच्यात या पक्ष्यांविषयी तह झाला, १९१८ साली त्या तहानुसार नवा कायदा आला आणि १९२० साली सर्वोच्च न्यायालयाने तो योग्य ठरविला. शायरस यांनी पेरलेले बी रुजून वृक्ष होण्यास अशी सोळा वर्षे लागली.

याच काळात त्यांच्या छायाचित्रांनी आणखी एक क्रांती घडविली. वॉशिंग्टन येथील नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीचे मासिक तेव्हा रुक्ष लेखांनी भरलेले असे. १९०६ साली त्याच्या संपादकांनी शायरस यांची छायाचित्रे पाहिली आणि जुलै महिन्याच्या अंकात सत्तरहून अधिक चित्रे एकदम छापली. विद्वानांचे मासिक चित्रांचे पुस्तक होऊ लागले, म्हणून रागावून संस्थेच्या मंडळातील दोन सभासदांनी राजीनामे दिले. पण वाचक हरखून गेले. पुढे हेच मासिक त्यातील छायाचित्रांसाठी जगप्रसिद्ध झाले. अमेरिकेचे तेव्हाचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट हे स्वतः मोठे शिकारी होते. त्यांनाही ही चित्रे इतकी आवडली, की शायरस यांनी आपल्या अनुभवांवर एक मोठा ग्रंथ लिहावा असा आग्रह त्यांनी पत्र लिहून धरला.

हा ग्रंथ लिहून होण्यास मात्र बराच काळ जावा लागला. कारण शायरस यांचे पाय रानातच रमत. न्यू फाउंडलंड बेटावरील कॅरिबू, अलास्कातील मूस, फ्लॉरिडातील पक्षी यांच्या शोधात त्यांनी दूरदूरचे प्रवास केले. यलोस्टोन या प्रसिद्ध राष्ट्रीय उद्यानाच्या एका दुर्गम कोपऱ्यात मूस या प्रचंड सांबरासारख्या प्राण्याची मोठी संख्या आहे, हे त्यांनी लोकांच्या नजरेस आणले. शास्त्रज्ञांनी मूसच्या त्या उपजातीला १९१४ साली शायरस यांचेच नाव दिले. शिकाऱ्याच्या घरात भिंतीवर मेलेल्या प्राण्याचे मस्तक असते. शायरस यांचे नाव मात्र एका जिवंत प्राण्याबरोबर आजही रानावनात हिंडत आहे!

१९२८ साली त्यांनी आपल्या सुमारे २,४०० काचा नॅशनल जिऑग्राफिक सोसायटीला देऊन टाकल्या. १९३५ साली, वयाच्या शहात्तराव्या वर्षी, त्यांचा ग्रंथ दोन खंडांत प्रसिद्ध झाला. रूझवेल्ट तेव्हा हयात नव्हते, पण त्यांचा आग्रह शायरस यांनी पाळला होता. २४ मार्च १९४२ रोजी मार्क्वेट येथेच, त्यांच्या लाडक्या सरोवराच्या काठी, शायरस यांचे निधन झाले. तेव्हा ते ८३ वर्षांचे होते.

शायरस यांनी वाटेवर ताणलेला तो साधा दोरा पुढे फार दूरवर पोचला. १९२० नंतरच्या काही वर्षांत आपल्या देशात, हिमालयाच्या पायथ्याच्या रानात, फ्रेडरिक चँपियन नावाच्या वनाधिकाऱ्याने अशाच रीतीने वाघांची छायाचित्रे काढली. आज ताडोबा, मेळघाट अशा व्याघ्रप्रकल्पांत वाटांवर लहान लहान कॅमेरे बसवितात. दोऱ्याची जागा आता उष्णता आणि हालचाल ओळखणाऱ्या यंत्राने घेतली आहे. वाघ समोरून गेला, की त्याचे चित्र आपोआप निघते. प्रत्येक वाघाच्या अंगावरील पट्टे निराळे असतात. त्यांवरून वनखाते वाघांची गणती करते. कोणत्याही वाघाला हात न लावता, त्याला इजा न करता, त्याची नोंद होते.

मुलांनो, शायरस यांना शिकारीत जे शिकायला मिळाले, त्यातील काहीच त्यांनी टाकून दिले नाही. रानाचे ज्ञान, हाताची स्थिरता, मनाची चिकाटी आणि काळोखात शांत बसण्याचे धैर्य, हे सारे त्यांनी अखेरपर्यंत जपले. टाकली ती फक्त बंदूक. पण तेवढ्या एका बदलामुळे पाण्यावर आलेले हरीण आपली तहान भागवून पुन्हा रानात परत जाऊ लागले, आणि त्याला पाहण्याचा आनंद एकट्या शिकाऱ्यापुरता न राहता साऱ्या जगाला मिळाला.